ब्लूटूथ हेडसेट गाण्यांना चांगला, मीटिंगला खराब: कॉम्प्युटरवर दोष शोधायचा कसा

प्रश्न असा आहे: नवीन ब्लूटूथ हेडसेट विंडोज ११ च्या लॅपटॉपला जोडलाय. गाणी, व्हिडिओ छान ऐकू येतात. मीटिंग सुरू झाली की मात्र समोरच्याचा आवाज एकदम चपटा आणि घोगरा होतो, मध्ये मध्ये तुटतो. कधी कधी 'कनेक्टेड' दिसतं, पण आवाज लॅपटॉपच्याच स्पीकरमधून येतो. तोच हेडसेट फोनला जोडला की काही तक्रार नाही. ड्रायव्हर (ब्लूटूथ चालवणारं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकून झाला. हेडसेट परत करावा का?

लगेच परत करू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यात एक नाही, तीन तक्रारी आहेत. आवाज चपटा होतो, आवाज तुटतो आणि आवाज भलत्याच ठिकाणी जातो. तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि तिन्हींचा इलाजही वेगळा. ऑफिसातल्या लोकांचे हेडसेट लावून देणं हे माझं रोजचं काम आहे, आणि त्यात सतत दिसतं ते हे की माणसं पहिला हात ड्रायव्हरला घालतात. तो काढतात, दुसराच कुठला तरी टाकतात, मग विंडोज रीसेट करतात आणि शेवटी हेडसेट बदलतात. नवा हेडसेटही तसाच वागतो, कारण मूळ गोष्टीला कुणी हात लावलेला नसतो. गाणी नीट वाजतायत याचा अर्थ ड्रायव्हर त्याचं काम करतोय. तेव्हा तो तूर्त बाजूला ठेवा.

आधी चपट्या आवाजाचं बघू, कारण सर्वांत जास्त लोकांना छळणारी गोष्ट तीच आहे आणि ती बिघाड नाहीच.

ब्लूटूथ हेडसेट कॉम्प्युटरशी दोन वेगवेगळ्या पद्धतींनी बोलतो. पहिली पद्धत एटूडीपी. यात आवाज फक्त एका दिशेने जातो, कॉम्प्युटरकडून कानाकडे. स्टिरिओ असतो, आणि एसबीसी हे सगळ्या हेडसेटमध्ये असणारं साधं कोडेक (आवाज दाबून पाठवण्याची रीत) धरलं तरी सेकंदाला साधारण ३२८ किलोबिटपर्यंत डेटा जातो. गाण्यांना ते पुरेसं आहे. पण या पद्धतीत माइकला जागा नाही. माइक हवा असेल तर दुसरी पद्धत घ्यावी लागते, तिचं नाव एचएफपी, म्हणजे हँड्स-फ्री. ही मुळात गाडीत फोनवर बोलता यावं म्हणून बनवलेली. यात आवाज दोन्ही दिशांनी जातो, पण मोनो असतो आणि प्रत्येक दिशेला जेमतेम ६४ किलोबिट मिळतात. जुन्या सीव्हीएसडी कोडेकवर आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच ऐकू येत नाही. घरच्या लँडलाइनचा आवाज असाच असायचा. 'स', 'श' आणि 'फ' यांच्यातला फरक ज्या सुरांवर कळतो त्यातले बरेचसे ४ किलोहर्ट्झच्या वर असतात. म्हणून अशा मीटिंगमध्ये नावं आणि शब्द पुन्हा पुन्हा विचारावे लागतात आणि तासाभरात डोकं दुखायला लागतं.

२०११ मध्ये एचएफपीच्या १.६ आवृत्तीत एमएसबीसी नावाचं कोडेक आलं. त्यात नमुने १६,००० झाले. ऐकायला फरक चांगला जाणवतो, बोलणं स्वच्छ कळतं. पण ते वापरायला हेडसेट, ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर आणि ड्रायव्हर तिघांचीही तयारी लागते. एक जण जरी मागे राहिला तरी गाडी पुन्हा ८,००० वर येते. गाण्याची मजा मात्र दोन्हीत जाते.

आता तुमच्या लॅपटॉपवर नेमकं काय होतं ते सांगतो. मीटिंगचं अ‍ॅप हेडसेटचा माइक मागतं. मागितल्याबरोबर विंडोज हेडसेटला एटूडीपीवरून एचएफपीवर नेतं. त्या क्षणापासून मीटिंगचा आवाज, मागे वाजत असलेलं गाणं, मेल आल्याची घंटा, सगळं त्या अरुंद वाटेने येतं. माइक सोडला की दोन-तीन सेकंदांत आवाज पूर्ववत. फोनवर तुम्हाला हे खटकत नाही, कारण फोनवर कॉल चालू असताना आपण गाणं ऐकत नाही. तिथेही कॉलमध्ये हँड्स-फ्रीच वापरली जाते. तुलना करायला शेजारी दुसरा आवाज नसतो, एवढंच.

खात्री करून घ्यायची असेल तर एक प्रयोग करा. हेडसेटवर गाणं लावा. विंडोजचं जुनं साउंड पॅनेल उघडा (सेटिंग्ज, सिस्टम, साउंड आणि अगदी खाली 'मोअर साउंड सेटिंग्ज') आणि त्यातल्या 'रेकॉर्डिंग' टॅबवर जा. तिथे प्रत्येक माइकसमोर आवाजाची हिरवी पट्टी हलते. ती पट्टी दाखवण्यासाठी विंडोजला माइक उघडावा लागतो, आणि त्यात तुमच्या हेडसेटचा माइकही आला. बहुतेक हेडसेटवर टॅब उघडल्याबरोबर गाणं अर्धा क्षण थांबतं आणि मग डबक्यातून आल्यासारखं वाजायला लागतं. टॅब बंद केला की पुन्हा मोकळं. हे झालं तर समजा की हेडसेट ठणठणीत आहे, ब्लूटूथ ठणठणीत आहे, फक्त माइक कोण मागतंय ते बघायचंय.

मीटिंग नसतानाही आवाज चपटा राहत असेल तर खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळाच्या जवळ बघा. कुठलंही अ‍ॅप माइक वापरत असलं की तिथे माइकचं छोटं चिन्ह येतं आणि त्यावर माउस नेला की अ‍ॅपचं नाव दिसतं. ब्राउझरच्या मागे राहिलेल्या टॅबमध्ये संपलेली मीटिंग अजून उघडीच असते, गेमसोबत चालणारं चॅटचं अ‍ॅप माइक धरून बसलेलं असतं, किंवा आवाजावर चालणारा एखादा सहायक कान देऊन असतो. ते बंद करा, आवाज परत येईल.

मग मीटिंगमध्ये करायचं काय? माझा सल्ला स्पष्ट आहे: ऐकायला हेडसेट वापरा आणि बोलायला लॅपटॉपचा माइक. टीम्समध्ये सेटिंग्जच्या 'डिव्हाइसेस' पानावर स्पीकर आणि माइक्रोफोन वेगवेगळे निवडता येतात. झूममध्ये माइकच्या बटणाशेजारच्या बाणावर, गूगल मीटमध्ये तीन टिंबांच्या मेनूतून सेटिंग्जमधल्या 'ऑडिओ'त. स्पीकर म्हणून हेडसेट, माइक म्हणून लॅपटॉपचा माइक. हेडसेटचा माइक कुणी मागितलाच नाही तर विंडोज एचएफपीवर जाणारच नाही आणि समोरच्याचा आवाज पूर्ण दर्जाचा येईल. वर आणखी फायदा असा की तुमचा आवाजही समोरच्याला जास्त चांगला जातो, कारण तोही त्या अरुंद वाटेने जात नाही. लोकांना वाटतं तोंडाजवळचा माइक म्हणजे चांगला माइक. शांत खोलीत हे ब्लूटूथच्या बाबतीत खरं नाही. गोंगाट असेल, कुकरची शिट्टी किंवा रस्त्यावरचे हॉर्न आत येत असतील, तर मात्र हेडसेटचा माइक घ्या आणि चपटा आवाज सोसा. तिथे शब्द पोचणं जास्त महत्त्वाचं.

प्रत्येक अ‍ॅपमध्ये निवडायचा कंटाळा येत असेल तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, साउंड इथे 'इनपुट'खाली हेडसेटचं नाव असतं. त्यावर क्लिक करून 'डोन्ट अलाउ' करून टाका. हेडसेटचा माइक अ‍ॅपना दिसणारच नाही. लागेल तेव्हा परत 'अलाउ'. विंडोज १० वर असाल तर तिथे एकाच हेडसेटच्या दोन नोंदी दिसतात, एक 'स्टिरिओ' आणि एक 'हँड्स-फ्री एजी ऑडिओ'. अ‍ॅपमध्ये चुकून दुसरी निवडली की आवाज बिघडलाच. कंट्रोल पॅनेलमधल्या 'डिव्हाइसेस अँड प्रिंटर्स'मध्ये हेडसेटवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'सर्व्हिसेस', आणि 'हँड्सफ्री टेलिफोनी'ची खूण काढली की ती नोंदच जाते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, पण घराघरात आणि छोट्या ऑफिसांत ते अजून चालू आहे, म्हणून त्याचंही लिहिलं.

वर सांगितलेल्या जुन्या साउंड पॅनेलमध्ये 'कम्युनिकेशन्स' नावाचा टॅब आहे. कॉल सुरू झाला की विंडोज बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करतं, ते इथून. 'डू नथिंग' करून ठेवा. मीटिंगमध्ये कुणी व्हिडिओ दाखवला आणि तुम्हाला तो फार बारीक ऐकू आला, तर हेही एक कारण असू शकतं.

आता तुटणाऱ्या आवाजाकडे वळतो. हा खरा रेडिओचा प्रश्न आहे, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे सेटिंग कितीही बदललीत तरी उपयोग होत नाही.

गाणी नीट वाजतात आणि कॉल तुटतो, म्हणजे रेडिओ चांगला आहे असं लोक धरतात. तसं नाही. गाणं वाजवताना हेडसेट थोडा डेटा आधीच घेऊन साठवून ठेवतो. मधला तुकडा हवेत हरवला तर तो पुन्हा मागवायला वेळ मिळतो आणि कानाला कळतही नाही. कॉलमध्ये अशी साठवण करता येत नाही, नाहीतर बोलणं मागे पडेल. हरवलेला तुकडा एक-दोनदा मागवला जातो, नाही आला तर तो गेलाच. त्यामुळे कमकुवत रेडिओ गाण्यांमध्ये लपून राहतो आणि मीटिंगमध्ये उघडा पडतो.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झ. हेडसेट वापरतात त्या ब्लूटूथमध्ये या पट्ट्याचे ७९ चॅनल पाडलेले असतात आणि कॉम्प्युटर व हेडसेट सेकंदाला १,६०० वेळा चॅनल बदलत एकमेकांशी बोलतात. याच पट्ट्यात तुमचा वाय-फाय आहे, शेजाऱ्यांचे वाय-फाय आहेत, वायरलेस माउस आहे, मायक्रोवेव्ह चालू असेल तर तोही आहे. वाय-फायचा एक चॅनल २० मेगाहर्ट्झ रुंद असतो. सोसायटीत १, ६ आणि ११ हे तिन्ही चॅनल भरलेले असतील, आणि ते असतातच, तर ७९ पैकी सुमारे ६० जागांवर कुणी ना कुणी बोलत असतं. ब्लूटूथ गजबजलेले चॅनल टाळायला शिकतं, २००३ च्या १.२ आवृत्तीपासून ही सोय आहे. पण टाळून टाळून किती टाळणार? किमान २० चॅनल त्याला वापरावेच लागतात.

यावर घरातल्या घरात करता येण्यासारखा सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे लॅपटॉपचा वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर नेणं. लॅपटॉपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ बहुतेक वेळा एकाच कार्डावर असतात आणि अँटेनाही वाटून घेतात. वाय-फाय २.४ वर असेल आणि मीटिंगचा व्हिडिओ त्यावरूनच येत असेल, तर कार्डाला दोघांना आळीपाळीने वेळ द्यावा लागतो. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', 'वाय-फाय' आणि तुमच्या कनेक्शनची 'प्रॉपर्टीज' उघडा. तिथे 'नेटवर्क बँड' लिहिलेलं असतं. २.४ दिसलं तर राउटरच्या सेटिंगमध्ये जा. इंटरनेटवाला राउटर बसवून जातो तेव्हा पुष्कळदा दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असतं आणि लॅपटॉप मनाला येईल तो पट्टा धरतो. दोघांना वेगळी नावं द्या आणि लॅपटॉपला ५ चंच नाव जोडा. राउटर दोन भिंतींपलीकडे असेल तर ५ चा सिग्नल कमी पडेल. मग लॅपटॉपला लॅनची केबल लावून वाय-फाय बंद करता आला तर तुटणं बहुधा तिथेच थांबतं.

दुसरा अपराधी फार कमी जणांना माहीत असतो: यूएसबी ३.०. बाहेरची हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, हब, टाइप-सी डॉक (एका केबलने मॉनिटर, हार्ड डिस्क वगैरे जोडून देणारा डबा), यांच्या केबलमधून ५ गिगाबिटच्या वेगाने डेटा जातो तेव्हा त्यातून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो. ही ऐकीव गोष्ट नाही, इंटेलने २०१२ मध्ये मोजमापं करून यावर निबंध काढलेला आहे. वर्क फ्रॉम होमच्या टेबलावर काय चित्र असतं बघा: लॅपटॉपला डॉक लावलेला, डॉकला मॉनिटर, बाजूला हार्ड डिस्क, आणि ब्लूटूथचा किंवा हेडसेटचा डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रेडिओ) त्या हार्ड डिस्कच्या शेजारच्याच पोर्टमध्ये. चाचणी सोपी आहे. डॉक आणि हार्ड डिस्क काढून ठेवा, फक्त लॅपटॉप आणि हेडसेट ठेवून एखाद्या सहकाऱ्याला कॉल लावा. आवाज सलग आला तर दोषी सापडला. डोंगल असेल तर त्याला एक मीटरची साधी यूएसबी एक्स्टेन्शन केबल लावून तो टेबलावर, हार्ड डिस्कपासून लांब आणि तुमच्या डोक्यापर्यंत मध्ये काही आड येणार नाही असा ठेवा. स्वस्तातला याहून चांगला इलाज मला माहीत नाही. पोर्ट निवडायला वाव असेल तर डोंगल यूएसबी २.० मध्ये लावा. पुष्कळ मशीनवर ३.० चे पोर्ट आतून निळे असतात आणि २.० चे काळे किंवा पांढरे.

डेस्कटॉप वापरणाऱ्यांसाठी मुद्दाम वेगळं सांगतो. कॅबिनेटच्या मागे, मदरबोर्डच्या पोर्टपट्टीवर, पितळी रंगाचे दोन छोटे आटे बाहेर आलेले दिसले आणि त्यांना काहीच लावलेलं नसलं, तर शोध तिथेच संपला. त्या वाय-फाय आणि ब्लूटूथच्या अँटेनाच्या जागा आहेत. मदरबोर्डच्या खोक्यात अँटेना येतात, पण मशीन जोडणारा 'नेट तर केबलने आहे' म्हणून त्या लावत नाही आणि खोकं माळ्यावर जातं. अँटेनाशिवाय ब्लूटूथ चालू दिसतं, हेडसेट पेअर होतो, कॅबिनेटला डोकं टेकवलं तर आवाजही येतो, आणि खुर्ची मागे सरकवली की तुटतो. माणूस महिनोन्‌महिने हेडसेटला दोष देत राहतो. अँटेना पिळून लावा आणि कॅबिनेट लोखंडी टेबलाखाली कोंबलेलं असेल तर अँटेना वर काढून ठेवा. डेस्कटॉपमध्ये वेगळं वाय-फाय कार्ड बसवलंय, वाय-फाय चालतो पण ब्लूटूथचं नावच दिसत नाही, अशी तक्रार असेल तर कार्डापासून मदरबोर्डच्या यूएसबी हेडरला (आतल्या पिनांच्या जोडणीला) जाणारी बारीक केबल लावायची राहिलेली असते. अशा कार्डात वाय-फाय पीसीआय एक्स्प्रेसवरून चालतो, ब्लूटूथ यूएसबीवरून.

शरीर आड येणं हेही खरं आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि आपल्या अंगात पाणीच जास्त. लॅपटॉप मागच्या टेबलावर ठेवून पाठमोरं बसलात, तर समोर बसल्यापेक्षा सिग्नल कमीच मिळणार.

तिसरी तक्रार, 'कनेक्टेड' दिसतं पण आवाज दुसरीकडे जातो. आधी विंडोज की आणि कंट्रोल धरून व्ही दाबा. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत आवाज कुठे जातोय त्याची यादी उजवीकडे उघडते. एचडीएमआयने मॉनिटर किंवा टीव्ही जोडला की विंडोज पुष्कळदा आपणहून आवाज तिकडे वळवतं, मग त्या मॉनिटरला स्पीकर असोत वा नसोत. इथे हेडसेट निवडला आणि तरी एकाच अ‍ॅपचा आवाज लॅपटॉपमधून येत असेल तर सेटिंग्ज, सिस्टम, साउंड इथल्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये त्या अ‍ॅपपुढे काय निवडलंय ते बघा. मीटिंगची अ‍ॅप स्वतःची निवड वेगळी लक्षात ठेवतात. काल हेडसेट चार्ज नव्हता म्हणून तुम्ही स्पीकर निवडलात, तर आजही ते स्पीकरच धरून असतील.

फोनचं लक्षात घ्या. आजचे बरेच हेडसेट एका वेळी दोन उपकरणांना जोडलेले राहतात. सोय चांगली आहे, पण फोनवर व्हॉट्सअ‍ॅपची घंटा वाजली किंवा एखादी रील सुरू झाली की हेडसेट तिकडे वळतो आणि लॅपटॉपवर सगळं ठीक दिसत असूनही कानात काही येत नाही. महत्त्वाच्या मीटिंगआधी फोनचं ब्लूटूथ बंद करा. काय बिघडलंय ते शोधत असताना तर ते बंदच ठेवा, नाहीतर तुम्ही काय तपासताय आणि काय बदलतंय याचा मेळ लागणार नाही.

हेडसेट जोडलाच जात नाही, 'पेअर्ड' दिसतो पण 'कनेक्टेड' होत नाही, हा आणखी वेगळा प्रकार. पेअर करताना दोघांत एक गुप्त किल्ली ठरते आणि ती दोन्हीकडे साठवली जाते. हेडसेट रीसेट केला किंवा त्याची यादी भरून जुनी नोंद पुसली गेली, तर त्याच्याकडची किल्ली जाते, कॉम्प्युटरकडे जुनी राहते. मग 'कनेक्ट' कितीही दाबा, उपयोग नाही. कॉम्प्युटरवर 'रिमूव्ह डिव्हाइस' करा, हेडसेटच्या माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे त्याचीही यादी पुसा आणि नव्याने पेअर करा. हेडसेट नुसता चालू करणं म्हणजे पेअरिंग नव्हे. बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरावं लागतं. यादीत एकाच हेडसेटची दोन नावं दिसली, एकाच्या आधी 'एलई' (कमी विजेवर चालणारं ब्लूटूथ) लावलेलं, तर साधं नाव घ्या, ज्याच्याशेजारी हेडफोनचं चित्र असेल ते. 'एलई'वालं बहुतेक हेडसेटमध्ये फोनच्या अ‍ॅपसाठी असतं, त्याला जोडलं तर आवाज येत नाही. आणि विंडोज ११ च्या शोधात हेडसेट अजिबात दिसत नसेल तर ब्लूटूथच्या पानावर 'ब्लूटूथ डिव्हाइसेस डिस्कव्हरी' 'डिफॉल्ट'वरून 'अ‍ॅडव्हान्स्ड' करा.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असणाऱ्यांना दर वेळी नव्याने पेअर करावं लागतं, त्याचं कारणही ही किल्लीच. ब्लूटूथ कार्डाचा पत्ता दोन्हीकडे एकच, त्यामुळे हेडसेटला ते एकच यंत्र वाटतं, आणि लिनक्सवर पेअर केलं की विंडोजची किल्ली पुसली जाते. विंडोजमधली किल्ली काढून लिनक्सच्या ब्लूटूथच्या फाइलमध्ये लिहिता येते, पण दोन्हीकडे रोज काम असेल तरच त्या वाटेला जा.

लिनक्सवर बाकी तत्त्व हेच आहे. पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल नावाच्या प्रोग्रॅमच्या 'कॉन्फिगरेशन' टॅबमध्ये हेडसेटची पद्धत हाताने निवडता येते, हा विंडोजपेक्षा मोठा फायदा. मॅकवरही माइक म्हणून हेडसेट घेतला की आवाज पडतो आणि तिथेही आतला माइक निवडणं हाच इलाज.

ब्लूटूथच गायब झालं, म्हणजे चालू-बंद करायचं बटणच नाही, तर ड्रायव्हरची वेळ आली. पण त्याआधी मशीन एकदा पूर्ण बंद करा. विंडोजमध्ये 'शट डाउन' केलं तरी फास्ट स्टार्टअपमुळे ते खरंखुरं बंद होत नाही, 'रीस्टार्ट'ने होतं. तेवढ्याने नाही झालं तर बंद करून चार्जर आणि यूएसबीला लावलेलं सगळं काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग चालू करा. ब्लूटूथचं कार्ड अडकून पडलं असेल तर बऱ्याचदा याने सुटतं. तरीही नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथखाली पिवळा त्रिकोण आहे का बघा. विंडोज अपडेटनंतरच बिघडलं असेल तर आधी 'रोल बॅक ड्रायव्हर' करून बघा. नवा ड्रायव्हर घ्यायचा तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, तुमच्याच मॉडेलचा. 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून जाहिरात करणारी सॉफ्टवेअर टाकू नका, त्यांनी भलतेच ड्रायव्हर टाकून ठेवलेले मशीन निस्तरायला दुप्पट वेळ जातो. वाय-फायचा आणि ब्लूटूथचा ड्रायव्हर वेगळा असतो, हेही ध्यानात ठेवा.

अर्ध्या तासाने आपोआप तुटणारा हेडसेट असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टरच्या 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबमधली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून घ्या. काही नव्या लॅपटॉपवर हा टॅबच नसतो. आणि आवाज येतो पण माइक कुठेच दिसत नाही, अशा वेळी विंडोजच्या 'सर्व्हिसेस' नावाच्या अ‍ॅपमध्ये 'ब्लूटूथ ऑडिओ गेटवे सर्व्हिस' चालू आहे का ते बघा. कुणीतरी 'कॉम्प्युटर फास्ट करण्यासाठी' ती बंद केलेली असते. माइक दिसतो पण समोरच्याला काही ऐकू जात नसेल तर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'च्या माइकच्या पानावर डेस्कटॉप अ‍ॅपना परवानगी आहे का तपासा.

जुन्या मशीनला बाहेरून ब्लूटूथ डोंगल लावत असाल तर आतलं ब्लूटूथ डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल करा. विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ रेडिओ नीट सांभाळतं. आणि हेडसेटसोबत खोक्यात स्वतःचा छोटा डोंगल आला असेल तर तो माळ्यावर टाकू नका, तोच वापरा. असा डोंगल कॉम्प्युटरला यूएसबी साउंड कार्ड म्हणून दिसतो, हेडसेटशी बोलणं तो स्वतः सांभाळतो आणि विंडोजच्या ब्लूटूथचा त्यात हात राहत नाही. दिवसाला चार-पाच तास कॉल करणाऱ्यांना मी नेहमी असाच हेडसेट घ्यायला सांगतो. अ‍ॅपमध्ये मात्र स्पीकर आणि माइक दोन्हीकडे डोंगलचंच नाव निवडा. गेमिंगच्या काही हेडसेटमध्ये ब्लूटूथ मुळी नसतंच, फक्त त्यांचा २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल असतो. ते ब्लूटूथच्या यादीत कधीच दिसणार नाहीत, शोधत बसू नका.

माइक आणि चांगला आवाज दोन्ही एकदम हवेत, तर त्यावरचं उत्तर एलई ऑडिओ आहे. ब्लूटूथ ५.२ सोबत २०२० मध्ये त्याचा पाया घातला गेला, त्यात एलसी3 हे नवं कोडेक आहे आणि बोलता बोलताही आवाज पडत नाही. विंडोज ११ मध्ये त्याची सोय आली आहे, पण लॅपटॉपचं कार्ड, ड्रायव्हर आणि हेडसेट तिघांनाही ते यावं लागतं. नुसतं खोक्यावर '५.३' लिहिलेलं आहे म्हणून एलई ऑडिओ असेलच असं नाही. लॅपटॉपवर ब्लूटूथच्या डिव्हाइसेसच्या पानावर 'यूज एलई ऑडिओ व्हेन अव्हेलेबल' असं बटण दिसत असेल तरच त्यासाठी जास्तीचे पैसे मोजा.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा: आधी माइक लॅपटॉपचा करा, मग वाय-फाय ५ वर न्या, मग डॉक काढून कॉल लावून बघा. एका वेळी एकच बदल. इतकं करूनही शांत खोलीत, समोर ठेवलेल्या लॅपटॉपवर आवाज तुटत असेल, तर हेडसेट दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपला लावून बघा. तिथेही तुटला तर परत करा, तेव्हा तुमच्याकडे सांगायला ठोस कारण असेल.

मुलाखत किंवा ऑनलाइन तोंडी परीक्षा असेल त्या दिवशी मात्र यातलं काही करत बसू नका, ३.५ मिमीची केबल लावा. हेडफोनच्या सोबत आलेल्या केबलवर त्याचा माइक चालतो का हे आदल्या दिवशी बघून ठेवा. अनेक मॉडेलमध्ये केबल लावली की माइक बंद पडतो, कारण केबलच्या पिनेवर दोनच काळ्या रेघा असतात आणि माइकला तिसरी लागते.